मंद्रूपच्या जीपचा लाल दिवा

मंद्रूपच्या गुंडप्पा मालकांची जीप आमच्या दारात पहिल्यांदा आली ती बैलांनी ओढत. पहाटे निघालेली ती मिरवणूक दिवस कलताना विजापूर रस्त्यावरच्या आमच्या पत्र्याच्या शेडपुढे थांबली. गडी बैलांपुढे चालत होता आणि मालक पटका बांधून स्टिअरिंगवर बसले होते. वळण आलं की ते शिस्तीत हात बाहेर काढून इशारा देत होते, मागे चिटपाखरू नसताना. उतरल्यावर त्यांनी आधी बैलांसाठी पाणी मागितलं, मग स्वतःसाठी. पिऊन झाल्यावर म्हणाले, "मिस्त्री, इंजिन बसलं बगा. उटतच न्हाय. थोरल्याचं लगीन ठरलंय अकलूजला. नवरदेव सोताच्या जीपमधनं येनार आसं मी पाव्हन्यांत बोलून बसलोय. आता तुमी आन तुमचं हात." अप्पांनी बॉनेट उघडलं, तेलात बोट बुडवून ते अंगठ्याशी चोळलं आणि म्हणाले, "पुरं खोलायला लागंल की, मालक." मालकांनी बैलांकडे बघून मान हलवली. बैलांच्या बाबतीत असं कुणी बोललं असतं तर त्याला त्यांनी दारात उभं केलं नसतं.

अप्पा म्हणजे माझे वडील आणि अव्वा म्हणजे आई. घरात आम्ही तिघंच. पुढे शेड, मागे दोन खोल्या, आणि मधे दार नव्हतं, चादरीचा पडदा होता. त्यामुळे शेडमधल्या रॉकेलचा वास भातात उतरायचा आणि अव्वाच्या फोडणीनं गाडीवाल्यांना शिंका यायच्या. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा, मग शेजारच्या घरातले माग खटक-खटक सुरू व्हायचे आणि त्याच ठेक्यात अव्वा भाकऱ्या थापायची. आमच्या घरी मराठी आणि कानडी अशा मिसळून गेल्या होत्या, की रागावताना कुठली तोंडात येईल ते राग किती आहे त्यावर ठरायचं. अव्वाचं "साकु!" म्हणजे "पुरे!" हे गल्लीतल्या सगळ्यांना, कुत्र्यांनासुद्धा समजायचं. मी सतरा वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते, आणि अप्पांच्या हाताखालचा माणूस गिरणीत लागल्यामुळे "चार दिस जरा पाने दे" म्हणून मला शेडमध्ये घेतलं होतं. ते चार दिवस पुढे नऊ वर्षं चालले. नात्यातल्या बायका हळहळायच्या, पोरीचे हात काळे केले म्हणायच्या. मला त्या काळ्या हातांचा भारी तोरा होता. लग्नाकार्यात मी ते मुद्दाम मांडीवर पुढे ठेवून बसायची.

अप्पांचं नाव होतं ते त्यांच्या कानासाठी. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ डाव्या कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. गल्लीतले माग चालू असोत, पोरं ओरडत असोत, अप्पा आत ऐकत असायचे. "तिसऱ्याचा व्हॉल्व बोलतोय," म्हणायचे. खोलून बघावं तर तिसराच. पार अक्कलकोटकडचे ट्रकवाले नुसतं ऐकवायला यायचे, जसे लोक नाडी दाखवायला वैद्याकडे जातात. अप्पा एरवी साधा माणूस. पाव्हण्यांत मागे बसणारा, दुकानात घासाघीस न जमणारा. पण ती मूठ कानाला लागली की त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा. मला तो चेहरा फार आवडायचा.

जीपचं इंजिन खोलायला आणि बांधायला तीन आठवडे गेले. सुटे भाग मी रॉकेलमध्ये धूत होते, आणि त्यासाठी अव्वाची पीठ मळायची परात वापरल्याचं तिच्या लक्षात आलं तेव्हा आमच्या घरात जो कानडी पाऊस पडला तो सांगण्यासारखा नाही. पिस्टनच्या रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, तेल वर ढकलणारा ऑइल पंप साफ करून बसवलेला. अप्पा एकेक बोल्ट आवळायचे आणि नंतर त्यावर बोट टेकवून क्षणभर थांबायचे, नमस्कार केल्यासारखे. इंजिन बांधून झालं तेव्हा ते इतकं देखणं दिसत होतं, की शेजारच्या मागावरची माणसं हात पुसत बघायला आली. अव्वाला तिथेच धास्ती बसली. एवढ्या डोळ्यांनी बघितलेली वस्तू बिनदृष्टीची राहील कशी, हा तिचा सवाल होता.

आता लिंबाचं सांगायला हवं. आमच्या शेडला एक नियम होता आणि तो अव्वाचा होता. बांधून झालेल्या इंजिनाला लिंबू-मिरची बांधल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. कधीतरी एकदा अप्पांनी लिंबाशिवाय हँडल मारलं होतं, ते उलटं फिरलं आणि त्यांचा अंगठा महिनाभर फडक्यात होता. तेव्हापासून अप्पा एक वेळ देवाला विसरत, लिंबाला नाही. दुसरा नियम त्याहून कडक. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्यानं हात लावला की दृष्ट त्याच्या अंगावर जाते. बांधायचं काम माझ्याकडे होतं. पूर्वी हे लिंबू काळ्या दोऱ्यात ओवून पुढच्या बंपरला लटकायचं. पण आमच्या समोर बाबूभाई राहायचे. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे, त्यांचं टेबल आमच्याच शेडच्या कोपऱ्यात होतं, आणि त्यांना एक शेळी होती, रानी. रानी लिंबाला तोंड लावायची नाही, पण मिरच्या आणि दोरा आवडीनं खायची. अव्वानं बाबूभाईंशी दोन दिवस अबोला धरला, शेळीशी चार दिवस, आणि मग निकाल दिला. इथून पुढे लिंबू बॉनेटच्या आत, इंजिनालाच बांधायचं. आत दोरा जळेल, म्हणून तारेत ओवायचं. आणि एका टोकानं लटकवलं तर झोके खाऊन पंख्यात जाईल, म्हणून तार दोन्ही टोकांना पक्की करायची. ह्यातला शब्द न् शब्द शहाणपणाचा होता हे मी आजही मान्य करते.

जीपच्या इंजिनावर मला अगदी मनासारखी जागा सापडली. बाजूला एक छोटा पितळी स्विच होता, त्याच्या डोक्यावर स्क्रू, आणि स्क्रूखाली एक वायर आलेली. त्याच स्क्रूखाली आणखी एक वेढा सहज बसत होता. तारेचं एक टोक मी तिथे आवळलं आणि दुसरं इंजिनाच्याच एका बोल्टला. मधे लिंबू, सात मिरच्या, बिब्बा आणि कोळसा. काम इतकं नीटनेटकं झालं की मी अव्वाला बोलावून दाखवलं आणि तिनं माझ्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला. ज्यांना वायरिंग कळतं त्यांनी इथे हसू नये. आम्हा तिघांना त्या वेळी ते कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं ते बाबूभाई लिंबाला हात लावणाऱ्यातले नव्हते.

किल्ली फिरवायच्या दिवशी मालक मंद्रूपहून एसटीनं आले, वांग्यांची पिशवी आणि नारळ घेऊन. नारळ फुटला, अप्पांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. काय आवाज होता! शेजारचे माग बंद ठेवून लोक ऐकत होते. अप्पांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले, आणि त्यांच्या तोंडावर ते आतलं हसू आलं. मालकांनी खुशीत येऊन बॉनेटवर थाप मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी. मग ते आत डोकावले आणि म्हणाले, "मिस्त्री, ह्यो तांबडा दिवा का म्हनून जळाय लागलाय?"

तेलाचा दिवा होता तो. किल्ली फिरवली की लागतो आणि इंजिन चालू होऊन तेलाचा दाब आला की विझतो. विझला नाही तर त्याचा अर्थ एकच. तेल वर पोचत नाही, इंजिन कोरडं फिरतंय, बंद करा नाहीतर सगळं घासून जाईल. अप्पांनी झटकन किल्ली काढली. मागाचे लोक एकेक करून निघून गेले. वाईट बघायला कुणी थांबू नये एवढी माणुसकी आमच्या गल्लीत होती.

परवा माझ्या नातवाच्या गाडीत असाच एक दिवा लागला. आता मिस्त्री कानाला काही लावत नाही. डॅशबोर्डखाली एक वायर खुपसतो आणि हातातल्या पाटीवर आकडा बघतो. इंजिन नुकतंच बांधून आणलेलं, सेन्सर बदलला, तरी तोच आकडा पुन्हापुन्हा येत होता आणि नातू मिस्त्रीवर चिडला होता. मी त्याला म्हटलं, बॉनेटमध्ये कुणी काही बांधलंय का बघ. तो हसायला लागला. पाटीवर कुठला आकडा येतो तेव्हा लिंबू काढायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

जीपचा दिवा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी बाबूभाईंना सांगितलं की आधी वायर तपासा. रीत बरोबर होती. नियमाप्रमाणे लिंबू जागेवर होतं आणि किल्ली फिरवलेली होती. बाबूभाईंनी स्विचचा स्क्रू सैल केला. माझा वेढा चिमट्याच्या टोकानंही हलू नये अशी काळजी घेत त्याच्या शेजारची फक्त वायर अलगद बाहेर काढली. दिवा विझला. वायर परत टेकवली, दिवा लागला. "देखो अप्पा," बाबूभाई हात पुसत म्हणाले, "वायर निकाला तो लाइट गई. मतलब मेरी वायर में कुच बी नहीं. लाइट सच बोलरी." मग स्विच बदलला. मला हाक मारून लिंबू सोडवलं, नवा स्विच बसवला, मी ताजं लिंबू पहिल्यापेक्षा घट्ट बांधलं आणि मगच अप्पांनी किल्ली फिरवली. दिवा तसाच. दाब मोजायचा काटा आमच्याकडे होता, पण तो एकदा हातातून पडल्यापासून कपाटात ठेवल्याठेवल्याही चांगला दाब दाखवायचा, त्यामुळे त्याला कुणी विचारलं नाही.

अप्पांनी इंजिनाचा खालचा भाग उतरवला. पंप काढला, उघडला, बघितला, दिव्याखाली धरला. काही नाही. तरी नवा पंप आणून बसवला. मालक एक दिवसाआड येत होते आणि येताना त्यांच्या मळ्यातली लिंबं आणत होते, कारण अव्वानं त्यांना पटवलं होतं की बाजारचं लिंबू ह्या दृष्टीला पुरायचं नाही. ते पटल्यावर मालकांनी कसूर केली नाही. दर खेपेला लिंबू मोठं होत गेलं. शेवटी शेवटी मोसंब्याएवढं लिंबू बांधायला मला दुहेरी तार घ्यावी लागली. दिवा त्या दुहेरी तारेवरही तितक्याच जोमात जळत राहिला. मालक पायरीवर बसून अव्वाची भाकरी आणि शेंगाची चटणी खायचे आणि समजुतीच्या सुरात सांगायचे, "मिस्त्री, माज्याकडं एक खोंड हुतं. खायचं, प्यायचं, दिसायला तर लई देखनं. पन पाय धरायचं. कारन म्हून कुनालाच घावलं न्हाय."

अप्पा जेवणावरही बोलेनासे झाले. एरवी चटणीत लसूण जास्त पडला तरी ओळखणारा माणूस समोर ठेवलेलं नुसतं गिळायला लागला. एक दिवस दुपारी मी पाने पुसत होते. अप्पांनी जीप सुरू केली, स्क्रूड्रायव्हर डाव्या कानाला लावला, मग उजव्या, मग परत डाव्या, आणि मग तो माझ्या हातात दिला. "नीलव्वा, ऐक जरा." मी मूठ कानाला लावली. हे काम आजवर त्यांनी कुणालाही दिलं नव्हतं. "काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चांगलं चाललंय की अप्पा. एकसारखं." "कोरडं वाटतंय का?" "नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उगीचच माझी चूक झाल्यासारखं वाटलं. "मलाबी आसंच वाटतंय," ते हळूच म्हणाले. "मंग दिवा काय खोटं बोलतोय व्हय? दिव्याला काय पडलंय." त्यांनी किल्ली काढली आणि पुन्हा बोल्ट सोडायला सुरुवात केली. चांगलं बांधलेलं इंजिन ते तिसऱ्यांदा खोलत होते, आणि प्रत्येक बोल्टवर बोट टेकवून थांबायची सवय आता सुटली होती.

तिसऱ्यांदा बांधून झालं तेव्हा लग्न चार दिवसांवर आलं होतं. सकाळीच मालक आले, बाबूभाई आपल्या टेबलाशी होते, शेळी उंबऱ्यात. अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "आज जर ह्यो दिवा इझला न्हाय, तर मालक, तुमी गाडी दुसऱ्याकडं न्या. आन हितनं फुडं मी इंजिनाला हात लावनार न्हाय. पंक्चर काडीन, ग्रीस भरीन. साकु." ते "साकु" अव्वाच्या तोंडचं होतं, पण अव्वाच्या तोंडून मला त्याची कधी भीती वाटली नव्हती. अव्वा पडद्याआड उभी होती. भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मी मालकांनी आणलेलं लिंबू घेतलं, ओवलं, एक टोक स्विचच्या स्क्रूखाली, दुसरं बोल्टला. वेढा पक्का बसवला. माझ्या हातचं काही कमी पडायला नको होतं.

अप्पांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मालक ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते, कारण दिव्याकडे बघायची अप्पांना हिंमत नव्हती; किल्लीही त्यांनी बाहेरूनच हात घालून फिरवली होती. "हाय," मालक म्हणाले. "जळतोय." अप्पा मागे सरकले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. इंजिन बंद करा असंही ते म्हणाले नाहीत. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि अव्वा पिठाच्या हातांनी तरातरा बाहेर आली. तिला कुणाचा तरी राग काढायचा होता. नवऱ्यावर काढता येत नव्हता, मालक पाव्हणे होते, बाबूभाईंची शेळी ह्या वेळी निर्दोष होती. ती बॉनेटपाशी वाकली आणि लिंबाकडे बघून किंचाळली, "अगं नीले, किडकं लिंबू बांदलंस व्हय गं? हे बग भोक! आरं देवा, किडकं लिंबू! काड ते आदी!" मी म्हटलं, "अव्वा, इंजिन चालू आहे." "काड म्हनते न्हवं!" किल्ली फिरलेली असताना लिंबू सोडायचं नाही ही शेडची रीत, आणि रीत घालणारीच समोर उभी राहून सोड म्हणत होती. मी पान्यानं स्क्रू सैल केला आणि तारेचं टोक ओढून काढलं.

बारीकशी ठिणगी पडली. सीटवरून मालक ओरडले, "गेला!"

मी दचकले आणि हातातली तार परत स्क्रूला टेकली. "आला!" मालक ओरडले. मी तार उचलली. "गेला! मिस्त्री, गेला!" मी टेकवली. "आला परत!" असं आम्ही चार वेळा केलं. अव्वा कानडीत देवाचं नाव घेत होती. बाबूभाई स्टूल पाडून उठले, माझ्या हाताकडे बघितलं, तारेचं दुसरं टोक बोल्टला बांधलेलं बघितलं, आणि स्वतःच्या कपाळावर फाडकन हात मारला. तेलाचा दाब आला की स्विचनं दिव्याची वायर इंजिनापासून तोडायची आणि दिवा विझवायचा; माझी तार ती इंजिनाला जोडूनच ठेवत होती. अप्पा भिंत सोडून माझ्याजवळ आले. त्यांना समजायला दोन क्षण लागले. ते समजताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि हातातल्या तारेचं भान राहिलं नाही. तार सुटली. एका टोकानं लटकलेलं लिंबू झोका खाऊन, अव्वानं सांगितलं होतं अगदी तसंच, पंख्यात गेलं.

सात मिरच्या, मोसंब्याएवढं लिंबू आणि एक बिब्बा ह्यांचं काय होतं ते पंख्यानं आम्हाला दाखवलं. शेडमध्ये मिरचीचा जो खाट उठला त्यात मालकांना बोलता येईना, बाबूभाई डोळे धरून नळाकडे धावले, शेळी पहिल्यांदाच मिरचीपासून लांब पळाली. सगळे ठसकत, शिंकत, रडत होते, आणि त्या गोंधळात अप्पांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, इंजिनाला टेकवला आणि मूठ उजव्या कानाला लावून डोळे मिटले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. मिरची होतीच, पण अप्पा रडत होते, हे मी आज लिहून ठेवते. इंजिन छान चाललं होतं. ते तीनही वेळा छान चाललं होतं.

अव्वानं पदरानं नाक पुसत विचारलं, "काय हुतं वो?" मी तोंड उघडलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, बाबूभाईंकडे बघितलं, आणि म्हणाले, "स्विच ढिल्ला हुता." नळावरून बाबूभाई लाल डोळ्यांनी म्हणाले, "हौ, स्विचच." अव्वानं मान डोलावली. "सिच म्हना न्हायतर काय बी म्हना. किडकं लिंबू काडलं की गेला का न्हाय?" मालकांनी तर ते पुढे सगळ्या मंद्रूपला सांगितलं. त्यानंतर कित्येक वर्षं ट्रकवाले अप्पांना इंजिन ऐकवायला आणि अव्वाला लिंबू दाखवायला आमच्याकडे येत होते. अव्वा प्रत्येक लिंबू उजेडात फिरवून बघायची. तिनं नापास केलेलं लिंबू परत घेऊन जायची कुणाची छाती नव्हती. फक्त बांधायची जागा अप्पांनी ठरवून दिली: बंपर, आणि दोऱ्यात. शेळीचं काय, असं अव्वानं विचारलं तेव्हा बाबूभाईंनी शेळी बांधून ठेवायचं कबूल केलं. शेळीला शिक्षा झाली ती माझ्या वाट्याची होती, म्हणून मी तिला रोज भाकरीचा तुकडा द्यायची.

नवरदेव जीपमधून अकलूजला गेला. जीप हलल्यावर अप्पा नळापाशी हात धुवायला बसले आणि मी साबण घेऊन शेजारी. मला वाटलं आता बोलणी बसणार. मीच म्हणाले, "अप्पा, माझ्यामुळं झालं." त्यांनी उत्तर दिलं नाही. मी परत म्हणाले. मग त्यांनी मान वळवून विचारलं, "काय म्हनलीस?" मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते, हातभर अंतरावर.

"ह्या कानानं काय बी ऐकू येत न्हाय," ते हातावरचा फेस बघत म्हणाले. "लई दिस झालं. उजव्यानं येतं, पन त्येची सवय न्हाय. इंजिन चांगलं हाय आसं उजवा म्हनायचा, आन मला वाटायचं ह्यो बी गेला आसंल. म्हून दिव्याचं ऐकलं." मग त्यांनी साबण माझ्या हातात परत दिला. "हितनं फुडं तू ऐकत जा माज्यासंगट. दोगं मिळून ऐकू. आन अव्वाला सांगू नको. उगं जिवाला लावून घील."

मी शपथ घेतली. संध्याकाळी चुलीपुढे अव्वानं भाकरी उलटता उलटता विचारलं, "काय म्हनत हुते नळावर? कानाचं व्हय?" माझ्या हातातली चटणीची वाटी पडता पडता राहिली. "दोन वर्सं झाली," अव्वा म्हणाली. "तवापास्नं उजवीकडनंच बोलते मी. जेवायलाबी उजवीकडनंच वाडते. त्येंनला कळू देऊ नको हां मला ठावं हाय म्हून. बाप्या मानूस. लाजंल." मी तिच्यासमोरही शपथ घेतली.

दोन्ही शपथा मी सांभाळल्या. अप्पा शेवटपर्यंत अव्वापासून आपला कान लपवत राहिले आणि अव्वा त्यांच्यापासून आपलं माहीत असणं. मी मधे, दोघांनाही काहीच ठाऊक नसल्यासारखी. पुढे खूप म्हातारे झाल्यावर उजवाही कान थकला, तेव्हा मी त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. खिशात डबी आणि वर कानापर्यंत गेलेली वायर. उजव्याला ते बसेना, तो दुखायचा. डाव्यात थोडी धुगधुगी निघाली, म्हणून मशीन डाव्यात बसवलं. अव्वानं विचारलं, "ह्ये काय वो?" अप्पा म्हणाले, "रेडिओ हाय." "मंग सांगा की बातम्या," अव्वा म्हणाली, आणि उठून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. तिथून ती अगदी हळू आवाजात काहीतरी बोलली. अप्पा खूप वेळ हसत होते. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.